पोटातील जंतुदोष आणि रुग्णालयातील अनेक हात

हैदराबाद शहरातील हिमायतनगर ही वस्ती आणि शहराच्या नैर्ऋत्येस असलेला हिमायतसागर हा तलाव, ह्या दोहोंस एकाच व्यक्तीचे नाव दिलेले आहे. ती व्यक्ती म्हणजे सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ चिरंजीव हिमायत अली खान. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला आलेल्या महापुराने शहराची अपरिमित हानी केली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि पुढे १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे दोन जलाशय पुरे झाले. पुराला आळा बसावा आणि शहराला पिण्याचे पाणी मिळावे, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. पोटातील जंतुदोषाविषयी बोलताना तलावांची आठवण का व्हावी, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. आपल्या देशात पोटाच्या ज्या आजारांनी माणसे दगावत आली, त्यांपैकी एक मोठा आजार, विषमज्वर, हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो.

विषमज्वर म्हणजे टायफॉईड. हा ताप नुसत्या तापाने सहसा मारीत नाही. त्याचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतात, तेथे व्रण पडतात आणि दुर्लक्षित रुग्णात, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अशा एखाद्या व्रणाच्या जागी आतड्याला छिद्र पडते. ताप उतरणीला लागला असे घरातील मंडळी म्हणत असतात आणि त्याच वेळी पोटात अनर्थ घडतो. ह्यावर आता लसही आहे. हैदराबादमध्येच तयार होणाऱ्या टायफॉईडच्या नव्या लसीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या डिसेंबरात मान्यता दिली आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने मोहीम काढून ती आपल्या हद्दीतील मुलांना टोचली.

परंतु पोटातील जंतुदोष केवळ विषमज्वराने होतो असे नाही. सुजलेले आंत्रपुच्छ, ज्याला सर्वजण अपेंडिक्स म्हणतात, ते फुटते. जठराखालील जुना व्रण एके दिवशी आरपार जातो. पित्ताशयातील खडा नळीत अडकून तेथे पू होतो. अपघातात पोटाला मार बसतो आणि आतडे फाटल्याचे दुसऱ्या दिवशी ध्यानात येते. क्वचित पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील टाकाच सुटतो. कारणे भिन्न असली तरी पुढचा प्रकार एकच असतो. जे आतड्यात असावयास हवे ते आतड्याबाहेर येते.

हे इतके भयंकर का, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात आणि त्यांचा आपल्याला उपयोगच होतो. मात्र आतड्याच्या बाहेरची पोकळी स्वच्छ, जंतुरहित असते. तिला आतून एक अत्यंत पातळ पडदा असतो. तो उलगडून पसरला तर त्याचा विस्तार जवळजवळ आपल्या सर्व अंगावरच्या कातडीएवढा भरेल. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर घाण पसरली म्हणजे विष रक्तात शोषले जावयास कितीसा वेळ लागणार! निसर्गाने तेथे एक पहारेकरीही ठेवलेला आहे. वपा नावाचे चरबीचे एक जाळे आतड्यांपुढे लोंबत असते. ते सुजलेल्या जागी जाऊन चिकटते आणि घाणीला कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करते. कित्येकदा ते यशस्वी होते व पू एका जागी गळवासारखा साचतो. यशस्वी झाले नाही, तर पू सर्व पोटभर होतो.

जखम चिघळली की ‘सेप्टिक झाली’ असे आपण म्हणतो. वैद्यकातील ‘सेप्सिस’ हा त्याच कुळातील शब्द असला तरी त्याचा आजचा अर्थ अधिक नेमका आहे. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी त्याची जी व्याख्या ठरविली तिचा आशय असा, की जंतुदोषाशी लढताना शरीराचा स्वतःचाच प्रतिकार बेताल होतो आणि त्यामुळे शरीरातील अवयव निकामी होऊ लागतात, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. म्हणजे चोराला पकडण्यासाठी घरच्यांनीच घराला आग लावावी, तशातला हा प्रकार. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्यातून द्रव पाझरतो, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे थंडावतात, फुप्फुसात पाणी साचते, मेंदूला ग्लानी येते. २०१७ ह्या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू पावले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या सर्वांचे मूळ पोटात नव्हते, हे खरे. पण पोट हे त्याच्या प्रमुख उगमांपैकी एक आहे.

आता हिमायतनगरातील एका मराठी घराची कल्पना करावी. नारायणगुडा, काचीगुडा, हिमायतनगर ह्या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नारायणगुड्याची केशव स्मारक शाळा १९४० सालची आहे. अशा घरातील पन्नाशीच्या गृहस्थांना रात्री बेंबीभोवती दुखू लागते. गॅस झाला असेल म्हणून ओवा दिला जातो. सकाळी दुखणे उजव्या बाजूला खाली सरकते, तेव्हा शेजारचे कोणी एरंडेल सुचवितात. दुपारी औषधाच्या दुकानातून वेदनेची गोळी येते. संध्याकाळी दुखणे एकाएकी कमी होते आणि सर्वांना हायसे वाटते. हीच घात होण्याची वेळ! फुगलेले आंत्रपुच्छ फुटले की त्यातील ताण जातो, म्हणून काही काळ बरे वाटते. काही तासांनी पोट लाकडासारखे ताठ होते, माणूस हालचाल टाळून निपचित पडून राहतो, आणि मग धावपळ सुरू होते. पोटात दुखत असता जुलाब देणे हे आपल्या घराघरांतील एक घातक शहाणपण आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

रोगी रुग्णालयात पोहोचल्यावर पहिली अडचण येते ती भाषेची. मराठी माणसाजवळ पोटदुखीला शब्द विपुल आहेत. ‘कळ’ येते आणि जाते. ‘मुरडा’ शौचाच्या जागेकडे ओढ लावतो. ‘ठणका’ थांबत नाही. ‘चमक’ क्षणाची असते. हे नुसते शब्दवैभव नाही, त्यात निदान दडलेले आहे. येऊन-जाऊन उठणारी कळ ही एखाद्या नळीत अडथळा असल्याची खूण असू शकते. सतत राहणारे आणि खोकताना, कूस बदलताना असह्य होणारे दुखणे हे पोटाच्या पडद्यापर्यंत सूज गेल्याचे लक्षण असते. पण हैदराबादेत रोगी मराठी, परिचारिका केरळची किंवा तेलंगणातील, आणि डॉक्टर उर्दू वा इंग्रजी बोलणारे, असा योग नेहमीचा. मधला माणूस ह्या सगळ्या शब्दांचे एकच भाषांतर करतो, ‘पेट में दर्द’ किंवा ‘कडुपु नोप्पी’, आणि निम्मी माहिती दारातच गळून पडते. नातेवाइकांनी अशा वेळी तर्क सांगत बसू नये. दुखणे कधी सुरू झाले, कोठून कोठे सरकले, थांबते की सतत आहे, उलटी आधी की दुखणे आधी, कोणत्या गोळ्या पोटात गेल्या, मधुमेह आहे काय, एवढे क्रमाने सांगावे. मधुमेही आणि वृद्ध माणसांत पोट फारसे दुखत नाही आणि तापही चढत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयाची आहे. श्वास मिनिटाला बावीसच्या वर जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, लघवी कमी होणे, हात-पाय गार पडणे ही लक्षणे तापाहूनही अधिक बोलकी असतात.

रोग्याला आणावयाचे कसे, ही अडचण ह्या शहराने बऱ्याच अंशी दूर केली आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतच सुरू झाली आणि येथून ती इतर राज्यांत पसरली. हिमायतनगरच्या शेजारी, सातव्या निझामांच्या किंग कोठीच्या आवारातील एका भागात सरकारी रुग्णालय आहे. मुसीकाठचे उस्मानिया रुग्णालयही दूर नाही.

येथून पुढे ज्याला संघकार्य म्हणता येईल ते सुरू होते, किंवा सुरू व्हावयास हवे. अपघात विभागातील परिचारिका रक्तदाब, नाडी, श्वास यांची नोंद घेते. ती केवळ आकडे लिहून थांबली, तर अर्धा तास गेला म्हणून समजावे. तिने डॉक्टरांना ‘हा सेप्सिस वाटतो’ असे तोंडाने सांगितले, तर चाके फिरू लागतात. दंडाच्या शिरेतून रक्त घेतले जाते. त्यातील थोडे जंतूंच्या तपासणीसाठी खास बाटल्यांत भरावयाचे असते, आणि हे प्रतिजैविक टोचण्यापूर्वी करावयाचे. कारण औषध एकदा रक्तात गेले की जंतू बाटलीत वाढतीलच असा भरवसा राहत नाही. मात्र बाटल्या आणावयास माणूस गेला आहे म्हणून औषध थांबवून ठेवणे हाही मोठा अपराध होय. रक्तदाब कोसळलेल्या रोग्याला प्रतिजैविक तासाभराच्या आत मिळाले पाहिजे, असे सेप्सिसविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचे सांगणे आहे. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडा व अमेरिकेतील रोग्यांचा जो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला त्यात असे आढळले, की रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत, उशिराच्या प्रत्येक तासागणिक वाचण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांहून अधिक घटत जाते.

त्याबरोबरच सलाईन. मार्गदर्शिकेच्या हिशेबाने साठ किलो वजनाच्या माणसास पहिल्या तीन तासांत जवळजवळ पावणेदोन ते दोन लिटर द्रव द्यावा लागतो. हृदय दुबळे असेल तर हाच द्रव फुप्फुसात उतरण्याचे भय असते. म्हणून सलाईन लावून निघून जाण्याची सोय नाही, कोणी तरी खाटेशी उभे राहावयास हवे. रक्तातील लॅक्टेट नावाचे आम्ल मोजले जाते. ते वाढलेले असणे म्हणजे शरीरातील पेशींची उपासमार होत असल्याची खूण होय. क्ष-किरण चित्रात छातीच्या पडद्याखाली हवेची चंद्रकोर दिसली, तर पोटातील एखादी नळी फुटली आहे ह्याबद्दल बहुधा संशय राहत नाही. सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅन पुवाची जागा दाखवितो.

येथे एक जुना वाद उभा राहतो आणि तो पुष्कळ रुग्णालयांत ऐकू येतो. फिजिशियन म्हणतात, आधी रक्तदाब सावरू द्या, मग टेबलावर घ्या. सर्जन म्हणतात, पू आत असेपर्यंत रक्तदाब सावरणार तरी कसा? दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि दोघेही आपापल्या खरेपणावर अडून बसले तर मधल्या मध्ये रोगी जातो. गटारातील तुंबा न काढता वरून पाणी ओतीत राहिल्याने घर स्वच्छ होत नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की नाडी लागत नसलेल्या माणसास भूल देणे म्हणजे त्याला कड्यावरून ढकलणे होय. ह्यावर तोडगा एकच आहे: दोन्ही कामे एकाच वेळी चालावयाची. एकीकडे द्रव आणि रक्तदाब वाढविणारे औषध चालू असते, दुसरीकडे शस्त्रक्रियागृह मांडले जाते, तिसरीकडे रक्तपेढीला निरोप गेलेला असतो. पुवाचा उगम बंद करण्यास २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने निदानानंतर सहा ते बारा तासांची मर्यादा सुचविली होती. २०२१ च्या मार्गदर्शिकेने आकडा गाळून ‘शक्य तितक्या लवकर’ असे म्हटले. आतडे उघडेच फुटलेले असेल तर इतकी वाट पाहण्यातही धोका असतो. प्रत्येक वेळी पोट उघडावेच लागते असे मात्र नाही. गळू एका जागी साचलेले असेल तर क्ष-किरणतज्ज्ञ सोनोग्राफीत पाहून बाहेरूनच एक नळी घालतो व पू काढून घेतो. आज हे काम ज्याच्या हाती आले आहे तो पूर्वी काळोख्या खोलीत बसून केवळ चित्रे वाचीत असे!

पुवाचा उगम गाठण्याला किती महत्त्व आहे ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्यातले आहे. १९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असता त्यांच्या पोटात दुखू लागले. त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. त्या वेळी पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. तो लागला १९२८ मध्ये. म्हणजे सुरी, स्वच्छता आणि शुश्रूषा एवढीच सामग्री. शस्त्रक्रिया चालू असताना वादळाने वीज गेली, परिचारिकेच्या हातातील विजेरीनेही दगा दिला आणि अखेर कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. त्या रात्रीचे श्रेय इतिहासाने मॅडॉक यांच्या नावे लिहिले आणि ते यथायोग्यच आहे. परंतु तो कंदील धरणारा हातही टेबलाशीच होता. हैदराबादच्या मुशिराबाद भागातील मोठे सरकारी रुग्णालय आज त्याच रोग्याच्या नावाने ओळखले जाते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे आपल्या लोकांचे सहसा लक्षच नसते. ‘ऑपरेशन कोणी केले?’ असे जो तो विचारतो. ‘भूल कोणी दिली?’ असे कोणी विचारीत नाही. वास्तविक सेप्सिसच्या रोग्याबाबतीत सर्वांत अवघड क्षण भूल देण्याचाच असतो. पोटात अन्न व पित्त तुंबलेले असते, ते वर येऊन फुप्फुसात शिरू शकते. शिवाय भुलीच्या औषधानेच आधीचा क्षीण रक्तदाब आणखी खाली जातो. ह्या शास्त्रात हैदराबादचे स्थान मोठे आहे. येथील अफझलगंज रुग्णालयाशी संबंधित डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मची चौकशी करण्यासाठी दोन मंडळे बसली. निझाम सरकारने खर्च सोसला. क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे, असा लॉरी यांचा आग्रह होता व तो योग्य होता. क्लोरोफॉर्मपासून हृदयाला थेट धोका नाही, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पुढे चुकीचा ठरला. त्याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी ह्या पारशी बाई भूल देण्याच्या कामात निष्णात झाल्या, आणि पुढे १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या. जगातील अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते.

परंतु तज्ज्ञ कितीही थोर असले, तरी रोगी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जे सांडते ते कोणाच्याच खात्यावर लागत नाही. अपघात विभागातून वॉर्डात, वॉर्डातून स्कॅनकडे, तेथून शस्त्रक्रियागृहात, तेथून अतिदक्षता विभागात, दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे. प्रत्येक वळणावर काही राहून जाते. पहिला डोस दिला की नुसता लिहिला? रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोहोचल्या की खिडकीवरच राहिल्या? पेनिसिलिन सोसत नाही हे रोग्याने कोणाला सांगितले होते? सेप्सिसमध्ये माणसे ज्ञानाच्या अभावी मरतात त्यापेक्षा अशा सांडलवंडीत अधिक मरत असावीत, असे मानण्यास जागा आहे. म्हणून निरोप देण्याची एक ठरीव रीत लावावी लागते: रोग्याची आताची स्थिती काय, मागची हकीकत काय, आपला अंदाज काय आणि समोरच्याकडून नेमके काय हवे आहे. ‘जरा येऊन पाहता का?’ असे म्हणण्यापेक्षा ‘सात नंबरच्या रोग्याचा रक्तदाब ऐंशी आहे, लघवी दोन तास नाही, आपण आताच यावे’ असे म्हटल्याने पाय लवकर उचलतात.

ह्या बाबतीत जगभर मान्यता पावलेली एक साधी युक्ती म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी-यादी. ती ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते डॉ. अतुल गवांदे हे अमेरिकेत वाढलेले, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. भूल देण्यापूर्वी, सुरी लावण्यापूर्वी आणि रोगी बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळी सर्वांनी थांबून एकोणीस मुद्दे मोठ्याने म्हणावयाचे. एवढेच. त्यांत एक मुद्दा असा की तेथे असलेल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. मोठमोठ्या सर्जनांना ही गोष्ट प्रथम पोरकट वाटली. दिल्लीसह जगातील आठ शहरांत तिचा प्रयोग झाला आणि २००९ मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध झाले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आल्याचे दिसले. नाव सांगण्याने असे काय होते? ज्या परिचारिकेने एकदा सर्वांदेखत तोंड उघडले, ती पुढे कापडाचा बोळा मोजणीत कमी भरला तर गप्प राहत नाही.

आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट अवघड जाते. साहेबांपुढे सिस्टरने बोलू नये, सिस्टरपुढे मावशीने बोलू नये, ही आपली जुनी रीत आहे. खाट पुसणाऱ्या मावशीला रोग्याची चादर ओली झालेली दिसते, नळीतून येणारा द्रव काल पिवळा होता तो आज हिरवा झाल्याचे दिसते. पण ते सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे असे तिला वाटत नाही. हिरवा द्रव म्हणजे पित्त, आणि पित्त म्हणजे कदाचित सुटलेला टाका! जेथे तिचे बोलणे ऐकून घेतले जाते ते रुग्णालय खरे. तेथील यंत्रे थोडी जुनी असली तरी चालतील.

शस्त्रक्रियेनंतरची लढाई बहुतांशी परिचारिकेची असते. साठ किलोच्या रोग्याला तासाला निदान तीस मिलिलिटर लघवी व्हावी. ती होते की नाही हे ती दर तासाला मोजते. रक्तदाबाचे औषध थेंबाथेंबाने वाढविणे-उतरविणे, कूस पालटणे, तोंड स्वच्छ ठेवणे, श्वासाच्या यंत्रावरील माणसाचा बिछाना डोक्याकडून उंच ठेवणे, आणि प्रत्येक रोग्याला हात लावण्यापूर्वी व नंतर हात धुणे. ह्यांतील एकही गोष्ट वर्तमानपत्रात छापून येण्यासारखी नाही. कधी कधी पोट एकदा धुऊन भागत नाही. ते तात्पुरते झाकून एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडावे लागते. नातेवाइकांना हे अपयश वाटते. ते तसे नसून पुष्कळदा आधीच ठरविलेले पाऊल असते, पण ते आधी समजावून सांगण्याचे काम कोणाचे, हे मात्र ठरलेले नसते आणि त्यातून भांडणे उद्भवतात.

दोन-तीन दिवसांनी प्रयोगशाळेतून जंतूचे नाव येते आणि कोणते औषध त्याला लागू पडते तेही कळते. सूक्ष्मजंतुतज्ज्ञाने हा कागद नुसता पाठवून न देता फोन करून सांगावे, अशी अपेक्षा असते. सुरुवातीस अंदाजाने दिलेली व्यापक औषधे मग बंद करून नेमके औषध चालू ठेवता येते. ते किती दिवस द्यावे? पूर्वी ताप व पांढऱ्या पेशी पूर्ण उतरेपर्यंत देत असत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटातील जंतुदोषाचे ५१८ रोगी घेतले होते. उगम नीट बंद केल्यावर अवघे चार दिवस औषध दिलेल्यांना, सुमारे आठ दिवस दिलेल्यांइतकाच गुण आला. औषध लांबविणे म्हणजे काळजी घेणे, ही समजूत सोडावयास हवी. प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकली जाऊ नयेत म्हणून आपल्या देशात २०१४ पासून अनेक महत्त्वाच्या औषधांवर अधिक कडक निर्बंध आहेत. तरीही खोकला-पडशासाठी ती सर्रास घेतली जातात. आणि परिणाम हा, की ज्या दिवशी आतडे फुटून खरी गरज पडते, त्या दिवशी पोटातले जंतू त्या औषधांना सरावलेले निघतात. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांपुढे आज हे मोठेच संकट उभे आहे.

खर्चाचाही प्रश्न आहेच. अतिदक्षता विभागातील एकेक दिवस मध्यम स्थितीच्या कुटुंबाला जड जातो. अविभाजित आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेली आरोग्यश्री योजना तेलंगणात चालू राहिली आणि तिची मर्यादा २०२३ च्या डिसेंबरात कुटुंबामागे दहा लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. आपण योजनेत बसतो की नाही ह्याची चौकशी रोग्याला दाखल करतानाच, तेथील मदत-कक्षात केलेली बरी. बिल हातात पडल्यावर ती करून उपयोग होत नाही. रक्त देण्यास दोन-तीन नातेवाईक तयार असावेत. संमतीच्या कागदावर सही करण्यास थोरले भाऊ नांदेडहून येईपर्यंत थांबण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. असे थांबण्यात गेलेले तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतात.

आतड्याची स्थिती वाईट असेल तर सर्जन आतड्याचे टोक काही काळ पोटावर बाहेर काढून ठेवतात आणि मळ पिशवीत येतो. हे पाहून रोगी व घरचे खचतात. बहुतेकांचे आतडे दोन-तीन महिन्यांनी, अंगात शक्ती आली म्हणजे, पुन्हा जोडता येते. पिशवी बदलणे घरच्या एका माणसाने परिचारिकेकडून निघण्यापूर्वी प्रत्यक्ष हाताने करून शिकून घ्यावे. सेप्सिसमधून उठलेल्या माणसास कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, थकवा, झोपमोड, विस्मरण आणि उदासी येते. ती आळस म्हणून हिणवू नये. व्यायामोपचारतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे रोज थोडे चालावे, आहारात दूध, डाळी, अंडी वाढवावीत. घरी गेल्यावर पुन्हा थंडी वाजून ताप आला, पोट फुगले, टाक्यांतून पू आला किंवा श्वास वाढला, तर ओळखीच्या दुकानातून गोळी न आणता त्याच रुग्णालयात जावे, आणि जाताना डिस्चार्जचा कागद व जंतूच्या तपासणीचा अहवाल बरोबर न्यावा. म्हणजे रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही.